जंगलातले रविवार

शिकागोजवळच्या शॉमबर्गात रविवारी मराठी माणूस शोधायचा असेल तर आधी कॉस्टकोच्या दुकानात बघावं. तिथे नसला तर मुलांच्या कुठल्यातरी क्लासबाहेर, पार्किंगमध्ये गाडीची सीट मागे करून घोरत पडलेला असतो. माझा शेजारी यतीन मात्र रविवारी सकाळी मागच्या अंगणात, दोन मेपलच्या मधे, फोमच्या एका चौकोनी तुकड्यावर बसून थर्मासमधली कॉफी प्यायचा. हाकेच्या अंतरावर त्याचं स्वयंपाकघर, त्यात कॉफीचं चांगलं यंत्र, आणि हा पठ्ठ्या थर्मासमधून पितोय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नवराबायकोत काहीतरी बिनसलं असणार.

बिनसलं काही नव्हतं. यतीन मूळचा सांगलीचा, इथे एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पण त्याआधी आठ वर्षं तो स्वीडनमध्ये होता, स्मोलांड नावाच्या भागातल्या एका लहानशा गावात, आणि ती आठ वर्षं त्याच्या अंगातून अजून उतरलेली नाहीत. तिथे दर रविवारी तो, त्याची बायको हिमानी आणि चिमुरडी लेक सावनी असे तिघं जंगलात जायचे. याला पिकनिक म्हटलेलं त्याला खपत नाही. पिकनिकला माणूस खायला जातो, म्हणतो, आम्ही नुसते जायचो. पायात गमबूट, पिशवीत थर्मास, आणि ओल्या दगडावर बसायला म्हणून हे फोमचे चौकोन. ऑगस्टमध्ये ब्लूबेरी, मग पावसाळी दिवस आले की अळंबी, थंडीत गोठलेल्या तळ्याच्या काठी शेकोटी. पाऊस असो, वारा असो, जायचंच. तिकडे म्हणे म्हणतात की हवा कधी वाईट नसते, कपडे वाईट असतात. मी म्हटलं, असं म्हणणारा मे महिन्यात आमच्या नागपूरला आलेला दिसत नाही.

माझं काय, मला निसर्ग खिडकीतून आवडतो. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आयुष्य काढलं, रिटायर झाले, आता बाग नावाला पुदिन्याची एक कुंडी आहे. दुरून डोंगर साजरे, असं मी त्याला ऐकवलं की तो शांतपणे म्हणायचा, "शैलाताई, तिथे डोंगर नव्हतेच."

आणि मग तो त्या कायद्यावर यायचा. त्याचं हे प्रवचन आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेलं आहे. तिथे म्हणे जंगल कुणाच्याही मालकीचं असो, चालायचा हक्क सगळ्यांचा. कुणाच्याही रानात शिरा, बेरी तोडा, अळंबी खुडा, एखादी रात्र तंबू ठोका. फक्त घराच्या अगदी जवळ जायचं नाही, पीक तुडवायचं नाही, कचरा टाकायचा नाही आणि गुरांचं गेट लागलं तर आपल्यामागे लावून घ्यायचं. "विचार करा ना," तो म्हणायचा, "मी परका माणूस, भाषा धड येत नाही, आणि मला तो हक्क पहिल्या दिवसापासून. कुणी विचारलं नाही तू कोण, कुठला." हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा की थट्टा घशातच राहायची.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी तो आमच्या जवळच्या जंगलात टोपली घेऊन गेला होता. तिथल्या गणवेशातल्या बाईने सभ्य शब्दांत सांगितलं की पायवाट सोडायची नाही, काही तोडायचं नाही, आणि सूर्य मावळला की पार्किंग बंद. तेव्हापासून टोपली गॅरेजमध्ये आणि यतीन अंगणात. परत एकदा स्वीडन बघून यावं म्हटलं तर ग्रीन कार्डाच्या रांगेत हा तेरा वर्षं उभा. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना व्हिसाचा शिक्का मिळतो की कुठे अडकतो, या धास्तीने ही माणसं लग्नकार्याला सांगलीला जात नाहीत, तिथे जंगल बघायला कोण जाणार?

हिमानीकडे तो विषय काढायची सोय नव्हती. नाव हिमानी, पण थंडीचा आत्यंतिक तिटकारा. इथे फार्मसीत नोकरी करते, मंडळाची नाटकं बसवते, चार बायका जमल्या की तिच्या अंगात वारं येतं. स्वीडनचं नाव निघालं की ती उठून भांडी घासायला लागायची, डिशवॉशर असताना. उरली सावनी. ती पाच वर्षांची असताना ते इकडे आले. जेवताना, गाडीत, कुठेही तो तिला विचारायचा, "सावनी, ते तळं आठवतं ना? ती ब्लूबेरी खाऊन तुझी जीभ निळी झाली होती, आठवतं?" आणि ती मान हलवून म्हणायची, "हो बाबा." एवढ्या एका 'हो'वर बिचाऱ्याचा आठवडा निघायचा.

यंदा सावनीची शाळा संपली. ऑगस्टमध्ये ती कॅलिफोर्नियाला कॉलेजला जाणार. यतीनने मेपासून तिच्यामागे लकडा लावला होता की जायच्या आधी एकदा, फक्त एकदा आपण जंगलात जाऊ. पण पोरीची कधी कामाची शिफ्ट, कधी मैत्रिणीचा वाढदिवस. "नेक्स्ट वीक बाबा, प्रॉमिस." जुलै उजाडला तसा तो एकदा संध्याकाळी माझ्याकडे आला, खुर्चीच्या काठावर बसला आणि म्हणाला, "शैलाताई, ती गेली की मी हे कुणाशी बोलू? हिमानीला नकोच असतं. ही एकटीच आहे जी तिथे होती." एरवी माझ्याकडे प्रत्येकाला द्यायला उत्तर असतं. त्याला मी चहा दिला.

शेवटी सावनी तयार झाली, पण एका अटीवर. शैलामावशी आली तर. मी गाडीत असले की बापाचं प्रवचन निम्म्यावर येतं, हा तिचा हिशोब. पोरगी हुशार आहे. हिमानीला नेहमीप्रमाणे शनिवारी ड्यूटी होती. मी कुरकुरत निघाले. यतीनने शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातलं एक सरकारी जंगल शोधून काढलं होतं जिथे घरी खाण्यापुरती अळंबी तोडायला परवानगी आहे. त्याने आम्हा दोघींच्या पँटी मोज्यांत खोचायला लावल्या, गोचिडी चढू नयेत म्हणून. आरशात बघितलं तर मी सायकलवरून पेपर टाकायला निघाल्यासारखी दिसत होते.

जंगल चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. ओकची मोठी झाडं, खाली पालापाचोळा, आणि डास. यतीन पायवाटेवर जेमतेम राहिला. मग डावीकडे शिरला आणि असा चालायला लागला की मला त्याची चालच ओळखू येईना. घरात, ऑफिसात हा माणूस खांदे पाडून चालतो. इथे मान वर, पाऊल मोकळं. आम्ही दोघी मागून फांद्या चुकवत. पुढे तारेचं एक कुंपण लागलं आणि त्यात लोखंडी गेट, सताड उघडं. बाजूच्या खांबावर एक पाटीही होती, उन्हाने पार विटलेली. यतीनने ती वाचली नाही. त्याच्या डोक्यात रानातलं कुंपण म्हणजे गुरांसाठी, माणसांसाठी नव्हे. त्याने आम्हाला आत घेतलं, "कुणीतरी उघडं टाकून गेलंय बघ, लोकांना अक्कल नसते," असं म्हणून गेट नीट ओढून कडी घातली, आणि ती बसली की नाही हे हलवून पाहिलं.

अळंबी त्या गेटच्या आतच सापडली. एका ओकच्या बुंध्याभोवती, पाल्यातून वर आलेली, हळदीच्या रंगाची. यतीन गुडघ्यांवर बसला. त्याने एक खुडून सावनीच्या नाकाशी धरली. "वास घे. जर्दाळूचा येतो ना? आणि खालच्या रेघा बघ, दांड्यावर उतरतात. बोटाने सुटत नाहीत. हे बघितल्याशिवाय कधी तोडायचं नाही." मी म्हटलं, मी काही खाणार नाही, माझं मृत्युपत्र अजून व्हायचंय. सावनी हसली. मग तीही बसली. फोन खिशात गेला. बापलेक गुडघ्यांवर शेजारी शेजारी, टोपली मधे, आणि तो तिला चाकू कसा धरायचा ते दाखवतोय. लांबून गायी हंबरत होत्या. यतीन थांबून म्हणाला, "ऐक. अगदी तिथल्यासारखं. आठवतं ना, सावनी?"

"हो बाबा," ती म्हणाली.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला बरं वाटलं. झालं याचं काम, म्हटलं. आता ही खुशाल कॅलिफोर्नियाला जाऊ दे.

गायी हंबरायच्या थांबेनात. थोड्या वेळाने शेतात चालवतात तसली चार जाड चाकांची उघडी गाडी आमच्या दिशेने आली. वर साठीच्या पुढचा एक माणूस, लाल चेहरा, डोक्यावर टोपी. त्याने इंजिन बंद केलं आणि त्याच्या इंग्रजीत सरळ विचारलं, "गेट तुम्ही लावलंत?"

यतीन उठला, गुडघे झटकले आणि, देवा, चक्क हसून म्हणाला, "हो. उघडं राहिलं होतं, आम्ही लावून घेतलं." आता हा माणूस आभार मानणार, असा त्याचा आविर्भाव.

"राहिलं नव्हतं. मी ठेवलं होतं," तो माणूस म्हणाला. "माझ्या गायी त्यातून पाण्यावर जातात. उन्हात अडकून ओरडतायत कधीच्या. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

ऐकू तर आलंच होतं. आम्ही कौतुकसुद्धा केलं होतं. मला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. यतीनने माफी मागितली, पण तेवढ्यावर थांबेल तर यतीन कसला? तो समजावायला लागला. की तो स्वीडनमध्ये राहिलाय, तिथे असा कायदा आहे, रानात सगळ्यांना हक्क असतो आणि गेट लावून घेणं हा शिष्टाचार आहे. तो बोलत गेला तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. शेतकऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ही माझी जमीन आहे. पाटी आहे तिथे." आवाज चढला नव्हता, पण हात गाडीच्या मुठीवर घट्ट होता आणि मला धडकी भरली. या देशात कुणाच्या रानात आगंतुक उभं राहणं गमतीची गोष्ट नाही.

तेव्हा सावनी पुढे झाली. बापाच्या आणि त्या माणसाच्या मधे जाऊन उभी राहिली, आणि इथल्या पोरी बोलतात तशा सरळ सुरात म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, सर. माय डॅड इज नॉट फ्रॉम हिअर."

झालं. एका वाक्यात पोरीने बाप परदेशी ठरवला आणि स्वतः इथली झाली. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते लागलं. यतीनने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्या माणसाचा चेहरा मात्र सैलावला. सावनी त्याच्या गाडीवर मागे बसून गेट उघडायला गेली. आम्ही चालत पोचलो तोवर गायी रांगेने पाण्याकडे निघाल्या होत्या आणि तो माणूस तिला त्यांची नावं सांगत होता. टोपलीतलं काय हवं ते न्या, तो म्हणाला, मी ते खात नाही. पण यतीन येतानाच सगळी अळंबी त्या झाडाच्या बुंध्याशी ओतून आला होता. रिकामी टोपली उचलून तो म्हणाला, "थँक यू. नको."

परतताना कुणी रेडिओ लावला नाही. आमच्या इलिनॉय राज्याची हद्द लागली तेव्हा मागच्या सीटवरून सावनी म्हणाली, "बाबा, आय हॅव टू टेल यू समथिंग. डोन्ट बी मॅड."

"बोल."

"मला स्वीडन आठवत नाही. लाइक, ॲट ऑल. मी पाच वर्षांची होते. फोटो पाहिलेत म्हणून माहितीय. तू सांगतोस म्हणून माहितीय. पण माझं असं काहीच नाही."

"मग हो म्हणायचीस ते?"

"तू इतका हॅपी व्हायचास. आय कुडन्ट."

यतीनने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. त्याने गाडी उजव्या लेनमध्ये घेतली. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." मी खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत होते आणि मला रडू येत होतं. कुणाचं माणूस गेलं तर आपण सांत्वनाला जातो. हे कसलं जाणं, आणि याला काय बोलायचं? तेरा वर्षं हा एकटाच त्या रानात हिंडत होता आणि त्याला वाटत होतं की मुलीचं बोट हातात आहे.

घरी पोचलो तर हिमानी भाकरी थापत होती. भरीत तयार होतं, मलाही जेवायला थांबवलं. यतीन हात न धुता टेबलाशी बसला. "काय रे, मिळालं का काही?" तिने विचारलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे जगजाहीर आहे. मी सगळं सांगितलं. गेट, गायी, तो माणूस. आणि शेवटी गाडीतलंही. "हिला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही गं."

हिमानीने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि आमच्याकडे पाठ असतानाच म्हणाली, "मला आठवतं."

यतीनने वर पाहिलं.

"सगळं आठवतं. तुझ्यापेक्षा जास्त. तू रविवारीच जायचास. मी मंगळवारीसुद्धा जायचे, हिला बाबागाडीत घालून."

"मंगळवारी? कशाला?"

"रडायला," हिमानी म्हणाली. "तू ऑफिसला गेलास की दिवसभर मी आणि ही. भाषा नाही, बोलायला माणूस नाही, नोव्हेंबरात तीन वाजता अंधार. घराच्या भिंती पातळ. शेजारची बाई इतकी चांगली होती की माझं रडणं ऐकून विचारायला आली असती, आणि मला तिला काही सांगता आलं नसतं. जंगलात कुणी नसायचं. जायचे, मोठ्याने रडायचे, आईशी बोलल्यासारखं मराठीत बडबडायचे आणि परत यायचे. आणि रविवारी तू त्याच वाटेने न्यायचास आणि म्हणायचास, काय शांतता आहे गं इथे."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. सावनीने उठून गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी निघून जायला हवं होतं, पण गेले नाही.

"कधी बोलली नाहीस," यतीन म्हणाला.

"कशी बोलणार? तुला आठवड्यातला तो एक दिवस मिळायचा. तू इतका खूश असायचास. तो कसा मोडायचा मी?"

यतीनने हातांनी तोंड पुसलं. मला वाटलं तो आता माफी मागेल, किंवा उठून अंगणात जाईल. त्याने वेगळंच विचारलं. "कुठे बसायचीस?"

"ती लाकडाची गिरणी होती ना, तिच्या पुढे वाट फुटते. तिथून डावीकडे. बर्चची झाडं संपतात तिथे एक आडवं पडलेलं खोड होतं."

"शेवाळ चढलेलं."

"हो. एका बाजूने पोखरलेलं."

"त्याच्या अलीकडे ओढा लागतो."

"ओढ्यावर फळी होती."

"ती फळी मी टाकली होती," यतीन म्हणाला. "तुझे पाय भिजायचे म्हणून."

"माहितीय," हिमानी म्हणाली. "तिच्यावरूनच बाबागाडी न्यायचे मी."

यतीन रडला. तोंड न झाकता, टेबलाशी बसून, आम्हा तिघींसमोर रडला. हिमानीने त्याला थांबवलं नाही. पिठाचे हात तसेच घेऊन ती त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसली. थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "मग ओढा गोठल्यावर काय करायचीस?"

आणि ती सांगायला लागली.